केळीचं पाणी

इंदिराबाईंनी चिठ्ठी उलगडली, वाचली आणि त्या प्रसन्न हसल्या. "केळी," त्या वर्गाला म्हणाल्या, "बघा, याला म्हणायचं आपल्या पायाखालचा विषय. सावद्याकडच्या मुलीनं केळीवर नाही बोलायचं तर कुणी बोलायचं?" पुढच्या बाकांवरच्या बायका वळून बघू लागल्या. शेवंता उभी होती. नाही बाई, ती केळी नाही, एवढे पाच शब्द तिच्या तोंडात तयार होते, पण ते ओठांपर्यंत येईनात. उजव्या हातानं तिनं बाकाआड डावं मनगट धरून ठेवलं. लहानपणापासूनची खोड होती ती. घाबरली की मनगट धरायची, कुणी दुसऱ्यानं धरल्यासारखं. इंदिराबाई पुण्याकडच्या, जळगावच्या ह्या ट्रेनिंग कॉलेजात येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्यांना केळी म्हटल्यावर घड दिसले यात त्यांची काय चूक? चिठ्ठीवर एकच शब्द लिहायचा असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि शेवंतानं एकच लिहिला होता. दुसरा शब्द लिहिला असता तर तिसरा लिहावा लागला असता.

परीक्षेआधी प्रत्येकीनं वर्गापुढे उभं राहून वीस मिनिटं बोलायचं होतं. विषय आपला आपण निवडायचा. उद्या शाळेत पोरांपुढे उभं राहायचं, तर आधी आपल्याच माणसांपुढे उभं राहता आलं पाहिजे, असं इंदिराबाईंचं म्हणणं. आणि त्यांचा एक हट्ट होता, विषय मुठीत मावला पाहिजे. कुणी मोठा विषय आणला की त्या हाताची मूठ करून दाखवायच्या, मावतो का बघा म्हणायच्या. धुळ्याकडची तानुबाई 'स्वच्छता' घेऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी तिला स्वच्छतेवरून गावावर, गावावरून विहिरीवर, आणि विहिरीवरून विहिरीच्या दोरावर आणून सोडलं होतं. "बाई, आजून लहान करशात तर दोर बी तुटी जाई," तानुबाई म्हणाली, आणि इंदिराबाईंसकट सगळा वर्ग हसला. दोरावर ती वीस मिनिटं बोलली मात्र. दोराला किती हात लागतात, कुणाचे हात चालतात, कुणाचे चालत नाहीत. ती बोलत गेली तसं हसणं विरत गेलं आणि शेवटी इंदिराबाईंनी चष्मा काढून पुसला होता. त्याच दिवशी शेवंताला वाटलं होतं की आपल्यालाही एक सांगता येईल.

"केळी हाही मोठाच विषय आहे हं," इंदिराबाई म्हणत होत्या. "कंद लावणं आहे, घड उतरवणं आहे, पिकवणं आहे, वॅगनी भरून दिल्लीला पाठवणं आहे. काय काय सांगणार? एकावर या."

"पाणी," शेवंता म्हणाली.

"जरा मोठ्यानं."

"केळीचं पाणी."

"छान. केळीला पाणी देणं." त्यांनी वहीत लिहून घेतलं, 'केळीचे पाणी', आणि पुढे, 'गुरुवार'. शेवंता खाली बसली. जे लिहिलं गेलं होतं ते खोटं नव्हतं, आणि बाईंना जे वाटलं होतं ते खरं नव्हतं. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आपण आजवर कितीदा बसलो आहोत, असं तिला वाटून गेलं. कॉलेजात नाव घालताना छापील अर्जावर आईच्या नावापुढे वडिलांनी, आबांनी, मयत असं लिहिलं होतं आणि तिनं खाली सही केली होती.

वसतिगृहाच्या मागच्या ओसरीवर वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात तिनं तुळस लावली होती. सकाळी उठल्यापासून त्या तुळशीला पाणी घालीपर्यंत ती कुणाशी बोलत नसे आणि स्वतः पाण्याचा थेंब घेत नसे. आजारपणातही हा नेम मोडलेला नव्हता. बायकांना आधी गंमत वाटली, मग त्यांनी ते मानलं. कुणी कुणी तिच्यामागून येऊन तुळशीला हात जोडून जाई. चांगल्या वळणाची मुलगी म्हणत. आई लहानपणी गेली ना, म्हणून देवाचं वेड, असंही म्हणत. धार सोडताना तिचे ओठ हलायचे. ती कुठलं स्तोत्र म्हणते हे तानुबाईनं एकदा विचारलं होतं आणि शेवंतानं नुसती मान हलवली होती. स्तोत्र नव्हतंच ते.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तिच्या घरी पितरांच्या नावानं पाण्याची भांडी भरत. बाप्याच्या नावाचा करा आणि बाईच्या नावाची केळी. कुंभाराकडची कोरी, तांबडी, बारीक गळ्याची केळी, ओंजळीत मावेल एवढी. गहू पसरून त्यावर ती ठेवायची, भोवती दोरा गुंडाळायचा, जिच्या नावाची तिचं नाव घ्यायचं आणि धार न तोडता काठोकाठ भरायची. वर आंबा ठेवायचा. गेलेल्या माणसाचा घसा भर उन्हाळ्यात कोरडा पडतो, घरच्यांनी पाणी दिलं तर त्याला पोचतं. शेवंताला पहिली केळी आठवते ती सहाव्या वर्षीची. आक्कानं, म्हणजे आबांच्या थोरल्या बहिणीनं, तिला मांडीवर घेऊन तांब्या धरायला शिकवलं होतं. मुलगा नव्हता घरात, तेव्हा मुलीच्याच हातचं पाणी. "म्हन, बेबाबाई." ती म्हणाली, बेबाबाई. आईला नाव असतं हे तिला त्या दिवशी कळलं. तांब्या जड होता, धार तुटली, आणि आक्का म्हणाली, "तुटू देऊ नको माय, तिची तहान अर्धी राहीन." त्यानंतर तिनं धार कधी तुटू दिली नाही. दर आखाजीला सगळी भावकी बघत असे आणि म्हणत असे, पोरगी किती मनापासून भरते.

अकराव्या वर्षी एका लग्नाहून येताना ते भुसावळला गाडी बदलत होते. भर दुपार होती. सावद्याकडे जाणाऱ्या गाडीत आबांनी तिला खिडकीशी बसवलं. फलाटावरून एक बाई चालत आली, पांढरं, बारीक काठाचं लुगडं नेसलेली, दवाखान्यात नेसतात तसं. हातात पितळी लोटी होती. ती खिडकीशी थांबली आणि काहीच न विचारता तिनं लोटी वर केली. "शेवंता, पानी पिऊन घे, माय." मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. खाली सात ठिपके होते आणि सातवा जरा बाजूला गेलेला. तो बाजूला गेलेला ठिपका शेवंताला माहीत होता. कुणीतरी तिला कुशीत घेऊन निजायचं आणि ती त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत झोपायची. कुणाचा हात तो, हे मात्र तिनं कधी शोधलं नव्हतं, जसा आपण आपला श्वास शोधत नाही. तिला तहान लागली होती. सकाळपासून लग्नघरात गोड खाल्लेलं, ऊन, घसा चिकटलेला. तिनं हात पुढे केला असता. तेवढ्यात शेजारून आबा म्हणाले, "तहान नाही तिले." मोठ्यानं नाही म्हणाले, रागानंही नाही. गाडी हलली. ती बाई लोटी तशीच वर धरून थोडं अंतर चालली, मग चालायची थांबली. सावद्यापर्यंत तिनं पाणी मागितलं नाही.

घरी आल्यावर तिनं आक्काला विचारलं. आक्का धान्य पाखडत होती. तिचं सूप थांबलं नाही. "मेलेली मानसं कधी कधी दिसतात," ती म्हणाली. "केळी भरली का शांत होतात." पुढे तीन वर्षांनी जात्यावर बसल्या असताना त्याच आक्कानं आपण होऊन सांगितलं. तुझी माय दुखण्यानं भुसावळला रेल्वेच्या दवाखान्यात होती. बरी झाली तेव्हा तुझा बाप तोताराम तिला आणायला गाडी जुंपून गेला. ती येत नाही म्हणाली. का येत नाही ते तिनं सांगितलं नाही आणि यानं विचारलं नाही. तिथंच आया म्हणून राहिली. तो रिकामी गाडी घेऊन परत फिरला, तापीवर थांबला, डोक्यावरून आंघोळ केली आणि घरात येऊन म्हणाला, बेबा गेली. "जिती हाये," आक्का म्हणाली, "पन आपल्यासाठी नाही." आणि जात्याचा खुंटा पुन्हा हातात घेऊन तिनं ओवी सुरू केली. हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं. पाहुणे शेवंताला बघायला येत, घर बघत, केळीची बाग बघत, आणि परतल्यावर त्यांचा निरोप येत नसे. विसावं वर्ष लागलं तेव्हा आबांनीच तिला ट्रेनिंगला घातलं. त्यांना मुलीची काळजी होती, माया होती. माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं, असं तिला कधी कधी वाटायचं आणि असं वाटल्याबद्दल ती देवापुढे नाक घासायची.

जात्यावरच्या त्या दिवसापासून तिचा तुळशीचा नेम होता. वर्षातून एकदा आपल्या हातून जिवंत आईला मेलेलीचं पाणी जातं. ते तिला लागत असेल का? तिकडे ती एकदम कण्हून उठत असेल का, भर वैशाखात अंगावर गार पाण्याची धार पडल्यासारखी? हे कुणाला विचारता येण्यासारखं नव्हतं. म्हणून उरलेले सगळे दिवस ती सकाळी पहिलं पाणी तुळशीला घालायची आणि तेच नाव घ्यायची, बेबाबाई, बेबाबाई, ते एक पाणी माघारी फिरावं म्हणून. आखाजीच्या दिवशी सकाळी तुळशीला आणि तासाभरानं केळीत. एकच तांब्या, एकच नाव. देवाला काय वाटत असेल.

गुरुवारसाठी ती वही घेऊन बसली. केळीच्या बागेबद्दल तिला वीस मिनिटंच काय, दोन तास बोलता आलं असतं. बसराई केळीचा कंद कसा लावतात, आळी कशी करतात, मोटेचं पाणी पाटानं बागेत येतं तेव्हा पहिल्या बारीला कोण उभं राहतं. तिनं लिहिलं, 'केळीला पाण्याचा खंड पडून चालत नाही.' वाचलं आणि खोडलं. लिहिलं, 'वेळेवर पाणी न मिळाल्यास केळी उभ्या उभ्या सुकते, पण पटकन मरत नाही.' तेही खोडलं. बागेचं कुठलंही वाक्य सरळ उभं राहीना, प्रत्येक वाक्य वळून तिच्याकडेच बघे. इंदिराबाईंच्या रीतीनं तिनं विषय लहान करून पाहिला. पाणी, मग मोटेचं पाणी, मग एका झाडाचं पाणी. पण तो लहान होत होत नेमका नको तिथंच येऊन थांबत होता. विषय लहान केला की तो धारदार होतो, हे बाईंनी सांगितलं नव्हतं. मोठ्या विषयात माणसाला लपायला जागा असते. स्वच्छतेत, देशात, केळीच्या बागेत कितीही उभे-आडवे फिरा, कुणी विचारत नाही, तू कुणाची.

मंगळवारी आबांचं कार्ड आलं. 'चि. शेवंतास अनेक आशीर्वाद. आखाजीला दोन दिवस आधी येणे. आक्काला गुडघ्यांनी उठवत नाही. केळी तुझ्या हातची आहे, लक्षात असावे. बागेला पाणी चालू आहे.' ते कार्ड तिनं दोनदा वाचलं आणि तुळशीच्या डब्याखाली ठेवलं. मग तिला ते तिथं सोसवेना, म्हणून काढून वहीत ठेवलं.

बुधवारी ती कुंभारवाड्यात गेली. आखाजी जवळ आलेली, सगळ्या अंगणांत तांबडी भांडी वाळत पडली होती. एका म्हाताऱ्या कुंभारणीनं विचारलं, "करा का केळी?"

"केळी."

"कोन गेलं, माय?"

"वर्गात दाखवायची आहे," ती म्हणाली.

"मंग ने बिनधास्त." म्हातारीनं एक केळी उचलून तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, नाद बघितला. "नाव घेतल्याबिगर ते नुसतं मडकं असते. नाव घेतलं का मंग ती कोनाची तरी होते. वर्गात नाव नको घेजो कोनाचं."

हे ती परत येताना रस्ताभर घोळवत आली. पदराखाली केळी होती आणि तिचा गारवा पोटाला लागत होता. म्हणजे पाण्यानं काही होत नव्हतं. गव्हानं, दोऱ्यानं, आंब्यानं काही होत नव्हतं. जे काही होत होतं ते तिच्या तोंडानं होत होतं, सहाव्या वर्षापासून, तिच्या ह्या हळू आवाजानं, ज्याला सगळे चांगलं वळण म्हणत.

गुरुवारी तिनं टेबलावर केळी ठेवली, शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या. इंदिराबाई कडेच्या खुर्चीत वही घेऊन बसल्या होत्या. "हे काय?"

"केळी," शेवंता म्हणाली. मागून कुणीतरी खुसकन हसलं. इंदिराबाईंनी एकदा मडक्याकडे पाहिलं, एकदा वहीकडे, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "अगंबाई. म्हणजे चूक माझी. मग त्या दिवशीच बोलला का नाहीत?"

"बोलता आलं नाही, बाई."

"आज येईल?"

शेवंतानं मान हलवली आणि ती बोलू लागली. करा म्हणजे काय, केळी म्हणजे काय, कुणासाठी कुठली. आवाज लहानच होता, पण वर्ग पुढे वाकून ऐकत होता, म्हणून तो पुरला. माती कुठली लागते, गहू का, दोरा किती वेढे. मग तिनं सांगितलं की आमच्या घरी ही मुलीनं भरायची असते. मग सांगितलं की आमच्या घरी मी भरते. विषय तिच्या हातात आपोआप आवळत चालला होता. सावद्याकडच्या दोघी होत्या वर्गात. त्यांनी माना खाली घातल्याचं तिला दिसलं. त्यांना माहीत होतं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि दोघींनी दोन वर्षांत एका शब्दानं कुठं म्हटलं नव्हतं. ती माया होती की लाज, तिला कधी कळलं नाही.

"भरून दाखवा ना," इंदिराबाई हळूच म्हणाल्या. त्यांना ते मनापासून बघायचं होतं.

तिनं तांब्या उचलला. डाव्या हातानं केळीचा गळा धरला. बोटांना सवय होती, मनगट बरोबर तेवढंच वाकलं, पाणी तांब्याच्या काठाशी येऊन थरथरलं. आता नाव. नाव न घेता ओतलं असतं तरी कुणाला कळलं नसतं, नुसतं मडकं भरलं असतं आणि वीस मिनिटं झाली असती. पण मग ते पाणी कुणाचं झालं असतं? काठाशी आलेलं पाणी तिच्याकडे बघत होतं. बाहेर रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिच्या चाकाचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त वाजते हे तिला उगाच आठवलं. आबा तापीपर्यंत तो आवाज ऐकत आले असतील.

तिनं तांब्या सरळ केला आणि खाली ठेवला.

"ही मला भरता येत नाही," ती म्हणाली. "हिच्यात नाव घ्यावं लागतं. आमच्या घरी माझ्या आईचं घेतात. पंधरा वर्षं मी घेतलं." मनगटाकडे हात गेला नाही, तो टेबलावरच राहिला. "माझी आई जिवंत आहे, बाई. भुसावळला आहे. अर्जावर मयत लिहिलं आहे, ते खोटं आहे. खाली सही माझी आहे."

इंदिराबाईंची लेखणी वहीवर टेकलेली होती, तिच्या टोकाशी शाईचा ठिपका मोठा होत होता. त्यांनी ती उचलली. "बसा, शेवंताबाई," त्या म्हणाल्या. "अर्जाचं आपण बघू. तो दुरुस्त करता येतो." आणि मग, जणू स्वतःशीच, "विषय एवढाही लहान करायला नको होता मी."

दुपारी खोलीत तानुबाई तिच्यासमोर ताट घेऊन बसली. भाकरीचा तुकडा मोडून शेवंताच्या ताटात ठेवला आणि म्हणाली, "इतलं बठ्ठं मनमा ठेवीसन तू आमनासंगे रोज जेवत व्हती. आनि मी आपली दोरवर बोलत बसनू." शेवंता हसली. हसताना तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

शुक्रवारी सकाळी तुळशीला पाणी घालून झाल्यावर ती ओसरीच्या पायरीवर कार्डं घेऊन बसली. आबांचं आधी लिहिलं. 'ती. आबांस शि. सा. नमस्कार. आखाजीला येत नाही. केळी कुणी भरू नये. तुमच्यावर राग नाही.' शेवटचं वाक्य तिनं बराच वेळ पाहिलं. ते पुरतं खरं नव्हतं, पण व्हावं अशी इच्छा होती, म्हणून राहू दिलं. दुसरं कार्ड घेतलं. त्यावर काय काय लिहायचं होतं. जात्यावर काय ऐकलं ते, तू का नाही आलीस ते, तुला ते पाणी लागलं का ते, सातवा ठिपका. वहीच्या पाठच्या पानांवर तिनं लिहून पाहिलं. तीन पानं झाली. मग त्यातलं एकेक खोडत गेली. हे भेटल्यावर विचारता येईल. हे विचारायचा आपल्याला हक्क नाही. हे तिला माहीत असेल. दोन पानं राहिली, एक राहिलं, पाच ओळी राहिल्या. ऊन ओसरीच्या दुसऱ्या खांबापाशी आलं तेव्हा जे उरलं ते तिनं कार्डावर उतरवलं. 'आई, आखाजीला मी तुझ्याकडे पाणी प्यायला येते.'

पत्त्याच्या बाजूला तिनं नाव लिहिलं, बेबाबाई. त्याआधी सौभाग्यवती की श्रीमती हे तिला ठरवता येईना, म्हणून काहीच घातलं नाही. खाली रेल्वेचा दवाखाना, भुसावळ. लिहिता लिहिता ते नाव तिनं हळूच उच्चारलं. हातात तांब्या नव्हता, समोर तुळस नव्हती, केळी नव्हती. नाव नुसतं नाव होतं आणि ते तसंच हवेत गेलं.

टपालपेटी कोपऱ्यावर होती. आबांचं कार्ड आधी आत पडलं, मग दुसरं. ऊन एव्हाना चांगलंच तापलं होतं. तुळशीला घातलं तेवढंच, आपण सकाळपासून पाणी प्यायलो नाही हे तिला तिथं आठवलं. घसा चिकटला होता, थेट तसाच, गाडीच्या खिडकीशी बसलेली असताना होता तसा. समोरच्या झाडाखाली पाणपोईचे रांजण होते आणि ओगराळं धरून बसलेली बाई तिच्याकडेच बघत होती. शेवंता तिला बघून हसली आणि पुढे निघाली. वसतिगृहापर्यंतची तहान तिनं तशीच राहू दिली.